चिंचेपुढं उभं राहिलेलं गाव

आमच्या मेहुण्यांइतका भिडस्त माणूस कॅमेऱ्यामागे आजवर उभा राहिला नसेल. उभं आयुष्य निलंगा तालुक्यातल्या लग्नांचं शूटिंग करण्यात गेलं आणि उतारवयात एकाएकी त्यांना निसर्गाचं वेड लागलं. जुनी झाडं, तळी, पक्षी यांच्यावर छोट्या फिल्म काढायच्या आणि लोकांना जागं करायचं, असं त्यांनी ठरवलं. विषय बदलला, हात मात्र लग्नाचाच राहिला. तळ्यातल्या खडकावर पंख पसरून बसलेल्या पाणकावळ्याला ते अगदी आदबीनं म्हणाले, "जरा इकडं बघा. हां, असंच ऱ्हावा." पाणकावळा पंख वाळवत होता, तो तसाच राहिला. इतका समजूतदार नवरदेव आजवर मिळाला नव्हता, असं ते परतताना एसटीत मला सांगत होते. फिल्ममध्ये त्या पक्ष्यावर त्यांनी गुलाबाच्या पाकळ्या पाडल्या आणि मागे सनई लावली. नावं ठेवायची मला सोय नव्हती, कारण माझ्या लग्नाच्या कॅसेटमध्ये मी स्वतः बदामातून डोकावलो आहे आणि ती कॅसेटही त्यांचीच.

त्यांची खरी अडचण मानपानाची. एखादा चुलता कॅसेटमध्ये आला नाही तर काय होतं हे ज्यानं भोगलंय, तो झाडाची फिल्मही जपूनच काढणार. तिकडच्याच एका गावाच्या वेशीत निजामाच्या काळातली चिंच होती. रस्ता रुंद होणार म्हणून ती तोडायचं घाटत होतं, आणि फिल्म बघून बांधकाम खात्याच्या साहेबांचं मन फिरेल अशी मेहुण्यांची खात्री होती. कॅमेरा लागला आणि गाव जमलं. आधी सरपंच उभे राहिले, मग त्यांचे भाऊ, भजनी मंडळ, बचत गटाच्या बाया, सगळी शाळा. चिंचेखाली चहाचा गाडा लावणारे चाँदभाई तर ईदची शेरवानी घालून बुंध्याला टेकले. न राहवून मी मेहुण्यांना म्हणालो, "अहो, झाड दिसू द्या की थोडं."

"दाजी, झाड कुठं जातंय? माणसं रुसली तर जलमभर बोलत न्हाईत."

साहेबांनी फिल्म शेवटपर्यंत पाहिली, हा त्यांचा मोठेपणा. मग म्हणाले, "गाव छान आहे. झाड कोणतं म्हणालात?"

चिंच एका दुपारीतच पडली. मेहुण्यांनी कॅमेरा कपाटात ठेवला, लग्नाच्या ऑर्डरी घेणंही सोडलं. "माझ्या भिडंपायी गेली ती," एवढंच म्हणायचे. फिल्म कितीही चांगली असती तरी रस्ता झालाच असता, हे मी परोपरीनं सांगितलं. पटलं नाही.

परवा चाँदभाईंचाच फोन आला. "ती फिल्लम परत एकदा गावाला दाखवा. लई दिवस झाले, चिंच बघू वाटायलीय."

समाजमंदिरात पडदा लावला. पहिल्यांदा फिल्म दाखवली तेव्हा जो तो स्वतःला शोधत होता. आज सगळे स्वतःच्या खांद्यामागे बघत होते. सरपंचांच्या फेट्यावर एक फांदी सापडली, शाळेच्या रांगेमागे थोडा बुंधा दिसला, आणि तेवढ्यानंही बायका एकमेकींना बोट दाखवू लागल्या. मेहुणे मान खाली घालून मशीनजवळ उभे होते.

मग शेरवानी आली. चिंचेची मोठी ढोली नेमकी तिच्यामागे होती. चाँदभाई पडद्यावरच्या स्वतःकडे बघत हळूच म्हणाले, "सरका की जरा बाजूला, चाँदभाई."

पडद्यावरचे चाँदभाई हसत तसेच उभे राहिले.