मागच्या रांगेची पट्टी

आठव्या वर्षापासून आमच्या बुद्धविहारात रविवारची वंदना मी सांगायचो. मी एक ओळ म्हणायची, मग सगळ्यांनी माझ्यामागून. आवाज बारीक आणि उंच, रस्त्यापलीकडच्या गॅरेजपर्यंत जायचा म्हणे. वंदना संपली की बायका गाल ओढायच्या आणि मी ओढू द्यायचो. कौतुकाचा हावरट होतो, आजही आहे. बाबा मात्र पुरुषांच्या शेवटच्या रांगेत हात जोडून बसलेले असत. नुसते ओठ हलायचे. यांना वंदना पाठच नाही, आई आणते म्हणून येतात, असा माझा ठाम समज होता.

चौदावं लागलं आणि अंगात कोणी परकं राहायला आल्यासारखं झालं. चार-सहा महिन्यांत पँट घोट्याच्या वर गेली, ओठावर मिसरूड फुटलं, कपाळभर मुरूम. भाजीत मीठ कमी पडलं तरी डोळे भरून यायचे, आणि ते कोणाला दिसलं की मी ताट सरकवून उठायचो. आई म्हणायची, नाटकं आहेत सगळी. तेही चालवून घेतलं असतं. पण एका रविवारी वंदनेच्या पहिल्याच ओळीत माझा आवाज मधोमध फाटला. पोरं खिदळली. गाल ओढणाऱ्या बायकाही पदराआड हसल्या.

विहाराचं सगळं पाहणाऱ्या एक मावशी होत्या. त्या आईला म्हणाल्या, “पोट्ट्याचा आवाज फुटला वं. आता बुद्धपौर्णिमेले त्या लहान पोरीले सांगू दे वंदना.” ती पोरगी नऊ वर्षांची, तिच्याकडून सगळं पाठ करून घेतलं होतं मीच. पौर्णिमा तीन आठवड्यांवर आली होती.

घरी येऊन मी दार आपटलं. बाबा म्हणाले, “काहून चिडून राहिला? आवाज साऱ्याइचाच फुटते.”

“तुमाले काय समजते? तुमाले तरी कुठं येते वंदना!”

बाबा उठले. पाइप घेऊन कूलरमध्ये पाणी भरायला बाहेर गेले. मला माझीच लाज वाटली, पण माफी मागण्याइतकी अक्कल त्या वयात नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून मी कूलरसमोर बसून सराव करू लागलो. त्याच्या घरघरीत कोणाला ऐकू जात नसे. रोज तीच जुनी उंच पट्टी धरायची, रोज तिथेच चिरकायचं. दहा-बारा दिवस मी स्वतःशी असा भांडलो. मग एका दुपारी लाइट गेली. कूलर थांबला, खोलीत तापायला लागलं, आणि मी कंटाळून, जोर न लावता, खालच्या आवाजात ओळ म्हटली. ती अखंड आली. इतकी भरीव, की मी दचकून मागे वळून पाहिलं. खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

मावशींच्या दारात जाऊन उभा राहिलो. “एक चान्स द्या.”

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “हसले लोक त रडशील?”

“नाही रडत.”

“ती पोरगी बाजूले बसन. अडकला का तिनं सुरू करायचं.”

पौर्णिमेला पाय ठेवायला जागा नव्हती. सगळे पांढऱ्या कपड्यांत. माझ्या शर्टाच्या बाह्या मनगटाच्या चार बोटं वर, आणि शेजारी ती पोरगी घसा खाकरून तयार. जुनी पट्टी अगदी जिभेवर आली होती, ती मी गिळली आणि खाली उतरून पहिली ओळ म्हटली.

बायका क्षणभर चाचपडल्या. आणि मग मागून काहीतरी आलं. सहा वर्षांत कधीच न ऐकलेलं. पुरुषांच्या सगळ्या रांगा एकदम, छाती भरून, ओळ परत देत होत्या. पायाखालची सतरंजी थरथरल्यासारखी वाटली. मी दुसरी ओळ टाकली, ती दुप्पट होऊन परत आली. मी मान वर केली तर शेवटच्या रांगेत बाबा डोळे मिटून खणखणीत म्हणत होते. एक अक्षर चुकलं नाही. पंचशील संपेपर्यंत मी राजा होतो, खोटं कशाला बोलू!

नंतर खिरीची वाटी घेऊन मी त्यांच्याजवळ गेलो. “बाबा, इतके दिवस काहून नव्हते म्हणत?”

“तुह्या त्या पट्टीत कोण माणूस म्हणन गा? साऱ्याइचे गळे बसले असते.” खिरीतला काजू त्यांनी माझ्या वाटीत टाकला. “त्या दिवशी लाइट गेली तवा मी खिडकीखाली कूलरात पाणी भरून राहिलो होतो. ऐकलं. मंग मागच्या समद्याइले सांगून ठेवलं, यंदा तयार राहा, पोराचा आवाज आपल्यापाशी आला.”

माझे डोळे भरले. या वेळी मी वाटी सरकवून उठलो नाही. “त्या दिवशी मी तुमाले वाईट बोललो,” एवढं कसंबसं म्हटलं.

“बोलला त बोलला. चाल.”

स्कूटरवरून परतताना जरीपटका वस्तीच्या भर बाजारात, हॉर्नच्या कल्लोळात, बाबांनी पुढून वंदनेची ओळ सुरू केली आणि मी मागून तिला आवाज दिला. भाजीवाले वळून पाहत होते. आम्ही घर येईपर्यंत थांबलो नाही.