पिल्लं तोलणारी कस्तुराबाई

कस्तुराबाई दवाखान्यात शिरली तेव्हा तिच्या पदरात कुत्रीची तीन पिल्लं होती. चौथं आदल्या दिवशी गेलं होतं.

एचएसआर लेआउट या वस्तीतला हा जनावरांचा दवाखाना. डॉक्टर संयोगिताला पुण्याहून इथं येऊन जेमतेम सहा महिने झालेले. कस्तुराबाई जवळच्या बेळ्ळंदूरच्या एका रहिवासी टॉवरमध्ये झाडलोट करायची. ड्यूटीचा निळा कोट अजून अंगावरच होता.

"जंत हायत," तिनं तपासायच्या आधीच सांगून टाकलं. "मेलेल्याच्या तोंडातनं शेवयांगत भाईर आलं. ह्यास्नी तरी वाचवा, डाक्टरबाई."

संयोगितानं पोटं चाचपली. टम्म फुगलेली, आणि वर फासळ्या उघड्या. हिरड्या पांढऱ्याफटक. सगळ्यात बारकी तर मानसुद्धा धरत नव्हती.

"सोसायटीतली माणसं म्हणत्यात, कसली गुटगुटीत पिल्लं! अन् वर दूधभात घालत्यात," बाई म्हणाली. "मी बी तसलीच येडी. माझ्या चंपी कुत्रीची पाच पिल्लं अशीच गेली. त्या पोटांवरनं मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढायची मी."

औषध वजनावर द्यायचं असतं. संयोगितानं बारकीला काट्यावर ठेवलं. एक किलो चारशे सोळा ग्राम. तिनं सिरिंज भरायला घेतली.

"थांबा वो." बाईनं पिल्लू उचललं, तळहातावर घेतलं, डोळे मिटले. "सातशे. लई तर धा ग्राम वर. तुमचा काटा खोटं बोलतोय."

"मावशी, डिजिटल आहे तो!"

"आसंल की. ह्यो हात निपाणीचा हाय. अकरा वर्सं तंबाखूच्या वखारीत पुडं भरल्यात. मल्लाप्पा मुकादम पुडा तोलायचा, अन् ग्रामभर चुकला तर तोंडावर फेकायचा."

संयोगिता जरा चिडलीच. बाईला गप्प करावं म्हणून तिनं कपाटातलं कुत्र्यांच्या खाण्याचं एक किलोचं बंद पाकीट काट्यावर ठेवलं. काट्यानं दोन किलो दाखवले.

तिच्या हातातली सिरिंज तशीच राहिली. मान न धरणाऱ्या जिवाला ती दुप्पट औषध पाजणार होती. शेजारच्या किराणा दुकानात जाऊन तिनं पिल्लू पुन्हा तोललं. सातशे आठ. परत आली तेव्हा तिला बाईकडे नीट बघवेना. देवळात गाभाऱ्यासमोर होतं तसं काहीतरी झालं होतं.

औषध पाजून तिनं विचारलं, "ह्यांची आई कुठंय?"

"पार्किंगात. तिला काय धाड भरलीय? दणकट हाय चांगली."

"जंत दिसत नाहीत, पण असतात. आईच्या अंगात दडून बसतात, पोटातल्या पिल्लात शिरतात, मग दुधातून पुन्हा. पिल्लांना दोन आठवड्यांची झाल्यापासून दर पंधरवड्याला औषध, आणि त्याच दिवशी आईलाही. नंतर मोठ्या कुत्र्यांना दर तीन महिन्यांनी."

पिल्लं पदरात गोळा करता करता बाई थबकली. "आगं आई! म्हंजे मी हिकडं पिल्लांस्नी औशीद पाजत बसणार, अन् तिकडं आईच..." मग पदर खोचून म्हणाली, "सरी, ठीक हाय. आता तिथल्या समद्या कुत्र्यांस्नी धरते."

बारकी रात्र काढेल का, ते मात्र संयोगिताला सांगता आलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात जायच्या आधी ती स्कूटर काढून बेळ्ळंदूरला गेली. तळघरातल्या पार्किंगात, खांबाआड, कस्तुराबाई एकेक कुत्रं मांडीवर घेत होती. पुठ्ठ्यावर कोळशानं रेघा, गोळी दिलेल्या एकेका कुत्र्याची एक. वजन कुठंही लिहिलेलं नाही, ते हातात. गुळाच्या खड्यात दवाखान्यातून नेलेली गोळी, जबडा अलगद मिटवायचा, गळ्यावरनं बोट. मोठाली भुंकरी कुत्री, पण बाईपुढं शाळेतल्या पोरांसारखी ओळीनं बसलेली. कुणी घाण केली की बाई लगेच उठायची, कागदात गुंडाळून पिशवीत. "मातीत पडली तर अंडी पिकत्यात त्यातली. मग तीच चाटून परत सुरुवात."

"आणि बारकी?" संयोगितानं घाबरतच विचारलं.

"काल मूठभर शेवया टाकल्या तिनं. या, बगा."

गोणपाटावर आई आडवी पडली होती. तिलाही सकाळीच गोळी मिळालेली. दोघं भावंडं चुळुचुळु पीत होती. बारकी मागनं आली, लटपटली, पडली, उठली. मग डोकं घालून एका भावाला तिनं सरळ बाजूला ढकललं आणि त्याची जागा घेतली.

दवाखाना उघडायची वेळ कधीच होऊन गेली होती. संयोगिता फरशीवर गुडघे टेकून तशीच बघत बसली.