तीनशेचा दांडा

विजेच्या यंत्रांच्या प्रयोगशाळेत मिस्त्रींच्या हुकुमाशिवाय पानही हलत नाही, असं कॉलेजात म्हणायचे. तिथं पान कुठलं हलायला, सगळं लोखंडच होतं. पण ते लोखंड हलायचं ते मात्र खरोखरच मिस्त्रींच्या हातानं. सकाळी साडेआठला कुलूप काढायचं, मुख्य खटका वर करायचा, तिन्ही मोटारींच्या पाठीवरून हात फिरवायचा आणि मग स्टुलावर बसून विद्यार्थ्यांची वाट बघायची. पंचवीस वर्षं हाच क्रम. खिडक्या छताला टेकलेल्या, त्यांना जाळी, त्यामुळे बाहेर ऊन आहे की पाऊस हे आत येणाऱ्यांच्या चपलांवरून कळायचं.

शेवटच्या वर्षाच्या पोरांचे प्रकल्प म्हणजे मिस्त्रींचा जीव की प्राण, आणि डोक्याला तापही तोच. विद्युतवाले म्हणायचे, यंत्र शाखेनं जोडणी नीट केली नाही म्हणून मोटार थरथरते. यंत्रवाले म्हणायचे, विद्युतवाल्यांचा करंटच वेडावाकडा आहे. दोन्हीकडचे हुशार अर्धा तास भांडले की मिस्त्री पाना घेऊन उठायचे आणि पायथ्याचा ढिला नट आवळून परत स्टुलावर बसायचे. थरथर बंद. पोरं अहवालात मात्र लिहायची, ‘सखोल विश्लेषणाअंती दोष दूर करण्यात आला.’ मिस्त्रींना त्याचं वाईट वाटत नसे. त्यांना वाईट वाटायचं ते एकाच गोष्टीचं, आणि ती गोष्ट खोलीच्या मधोमध सगळ्यांसमोर उभी होती.

ती होती चाचणीची मोटार. ही मोटार एका झुलत्या पाळण्यात बसवलेली. फिरायला लागली की पाळणा उलट बाजूला कलंडू बघतो. पाळण्याला आडवा बांधलेला लोखंडी दांडा त्याला अडवतो. दांड्याच्या टोकाचा खिळा वजनकाट्यावर टेकतो आणि काटा सांगतो, जोर किती. काट्याचा आकडा गुणिले दांड्याची लांबी, त्याला फिरण्याच्या वेगाची जोड, एवढाच हिशेब. त्यावरून कळतं की मोटारीनं शंभर भाग वीज खाल्ली तर काम किती भागांचं केलं. भिंतीवर पांढऱ्या रंगानं ठळक लिहिलेलं होतं: दांडा तीनशे मिलिमीटर.

एकोणीस वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्यानं या मोटारीसाठी नव्या पात्यांचा पंखा बनवला होता. मोटार गार राहिली की काम जास्त करेल, ही कल्पना. पंख्याशिवाय मोजमाप झालं, शंभरातले शहात्तर आले. पंखा बसवताना त्याच्या हातून जुना दांडा तडकला. दुसऱ्या दिवशी बाहेरचे परीक्षक येणार. पोरगा रडकुंडीला आला. मिस्त्री तेव्हा हंगामी मदतनीस होते, अंगात उत्साह होता. म्हणाले, “जा, चहा पिऊन ये. तोवर दांडा तयार.”

दांड्याला दोन भोकं असतात. एक पाळण्याच्या आसाचं, एक काट्यावर टेकणाऱ्या खिळ्याचं. तीनशे हवेत ते या दोन भोकांच्या मध्यांमध्ये. मिस्त्रींनी घाईत सबंध पट्टीच तीनशे कापली आणि दोन्ही टोकांना साडेसात-साडेसात सोडून भोकं पाडली. हातात करवत असणाऱ्या माणसाकडून होते तशी साधी चूक. दांडा झाला दोनशे पंच्याऐंशी. दांडा आखूड झाला की काट्यावर जोर जास्त दिसतो, आणि हिशेबात लांबी मात्र तीनशेच धरलेली. परीक्षकांसमोर मोटार लावली आणि शहात्तरचे ऐंशी झाले! टाळ्या पडल्या. पंख्याला पारितोषिक मिळालं, पोरगा शिष्यवृत्ती घेऊन पुढं शिकायला गेला, आणि समारंभात प्राचार्यांनी जाहीर केलं की असा कुशल हात हंगामी ठेवणं संस्थेला शोभत नाही. मिस्त्री कायम झाले.

चूक कळली चार महिन्यांनी, दांडा तेल लावायला काढला तेव्हा. मिस्त्री तिथंच फरशीवर बसले.

मग रातोरात नवा दांडा का केला नाही, असं कुणीही विचारेल. केला असता. पण खरा दांडा बसवला की तीच मोटार, तोच पंखा, आणि आकडा पुन्हा शहात्तर. लोक विचारणार, चार गेले कुठं? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. शिवाय चूक पकडणारंही कुणी नव्हतं. तपासायला येणारा प्रत्येक जण दांडा टोकापासून टोकापर्यंत मोजायचा. तीनशे भरायचा, आणि तो खूश होऊन जायचा.

बायकोला त्यांनी एकदा सांगून पाहिलं. ती म्हणाली, “पंधरा मिलिमीटर म्हणजे किती हो?”

मिस्त्रींनी अंगठ्याचं नख दाखवलं.

“एवढ्याशापायी तुम्ही इतकी वर्षं तोंड पाडून बसता? मला वाटलं, कुणाचा खून केलात की काय.”

त्यापुढं त्यांनी घरी विषय काढला नाही. संस्थेच्या दुसऱ्या कॉलेजात बदली मिळावी म्हणून अर्ज मात्र दर वर्षी करत राहिले. दुसरीकडे गेलो की ही मोटार तरी रोज दिसणार नाही, एवढीच इच्छा. अकरा वर्षांपूर्वी तो पंखेवाला विद्यार्थी मोठ्या पदव्या घेऊन याच कॉलेजात परत आला, पुढं विभागप्रमुख झाला. सगळे त्याला साहेब म्हणू लागले, मिस्त्रीही. साहेब अर्जावर हसून लिहायचे, ‘यांच्याविना प्रयोगशाळा चालणार नाही.’ मिस्त्रींना लोक म्हणत, नशीबवान आहात, एवढा मान कुणाला मिळतो?

साहेबांचा पंखा आता विभागाची शान होता. दर वर्षी एका गटाला तो पुढं सुधारायला मिळे. रीत ठरलेली होती. पंख्याशिवायचा आकडा साहेबांच्या शोधनिबंधातून घ्यायचा, शहात्तर. तो पुन्हा मोजायचा नाही, कशाला वेळ घालवा? फक्त पंख्यासह मोजायचं. पात्यांना बाक दे, पाती वाढव, काहीही कर, ऐंशीच्या पुढं आकडा जात नसे. पोरं हिरमुसून ‘ऐंशी कायम राखण्यात यश’ असं लिहून पास होत. अशा अठरा तुकड्या मिस्त्रींच्या डोळ्यांदेखत गेल्या, आणि प्रत्येक तुकडीला त्यांनी चहा पाजला.

यंदाच्या गटात एक मुलगी होती. तिच्याबरोबरचे दोघे नावापुरते, काम हिचं. नाकावर घसरणारा चष्मा आणि तोंडात कायम एक प्रश्न. तिनं रीत मोडली. एका दुपारी सरळ पंखाच उतरवून ठेवला आणि मोटार सुरू केली.

“काका, इकडे या ना. पंखा काढलाय तरी ऐंशीच येतंय.”

मिस्त्री स्टुलावरून उठले नाहीत. “काटा तपास,” ते म्हणाले.

तिनं काटा तपासला. वीज मोजणारं मीटर बदलून पाहिलं. चार दिवस तेच करत होती. पाचव्या दिवशी तिनं दांडा मोजला, आणि टोकापासून टोकापर्यंत नाही, भोकापासून भोकापर्यंत. वहीत लिहिलं, दोनशे पंच्याऐंशी, पुढं प्रश्नचिन्ह. वही घेऊन ती साहेबांकडे गेली आणि पंधरा मिनिटांत लाल चेहऱ्यानं परत आली.

“साहेब म्हणाले, मोजायचं कसं ते आधी शिक. तीनशे धरून अहवाल दिला नाहीस तर सही नाही. शनिवारपर्यंत सही नाही झाली तर वर्ष जाईल माझं, काका.”

“मग?”

“मग काय? मी बरोबर असेन तर वर्ष गेलं तरी चालेल. पण मला नक्की कळायला हवं ना!”

मिस्त्रींनी त्या पोरीकडे पाहिलं आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. त्याच पावली ते जिना चढून साहेबांच्या खोलीत गेले. आज सांगूनच टाकायचं. पण तोंडातून निघालं ते भलतंच: काटा जुना झालाय, पाळण्याचं बेअरिंग बघायला हवं, वगैरे.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. “मिस्त्रीकाका, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता? दांडा आखूड आहे, हेच ना?”

मिस्त्री उभ्याउभ्या गार पडले.

“अकरा वर्षांपूर्वी परत आलो त्या पहिल्याच आठवड्यात मोजला मी. आधी तुमच्यावर इतका चिडलो! मग वाटलं, तुम्हाला तरी कुठं माहीत असेल. मग एकदा तुम्हाला त्याला तेल लावताना पाहिलं. माणूस लोखंडाकडे असं बघत नाही. तेव्हा समजलो, तुम्हालाही माहीत आहे.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुम्ही का नाही बोललात?”

मिस्त्री साहेबांच्या मागं बघू लागले. भिंतीवर पंख्याचं पारितोषिक चौकटीत लटकलेलं होतं.

“माझी बदली...” मिस्त्री हळूच म्हणाले.

“तुमच्या जागी नवा माणूस आला असता तर पहिल्या महिन्यात दांडा बदलून मोकळा झाला असता. कसं सोडू तुम्हाला?” साहेबांचा आवाज उतरला होता, त्यात दटावणी नव्हती. “काका, त्या पंख्यावर माझी पदवी आहे, ही खुर्ची आहे. आमच्या आईला अजून वाटतं, मुलानं शोध लावला. झाकली मूठ सव्वा लाखाची, राहू द्या. मुलगी हुशार आहे, उगाच वर्ष घालवेल. माझं ऐकत नाही, तुमचं ऐकेल. तिला समजवा.”

मिस्त्री खाली आले. जिन्यावरून उतरताना त्यांनी मनाशी दोनदा ठरवलं की तिला खरं सांगायचं, आणि दोनदा ठरवलं की नाही. खरं सांगितलं तर ती लढणार, एकटी, साहेबांशी. वर्ष तर जाईलच, आणि साक्ष द्यायला आपल्याला उभं राहावं लागेल. असं सगळं पोरीच्या भल्याचं ते स्वतःला सांगत राहिले. त्यातलं साक्षीचं तेवढं खरं होतं.

मुलगी दांडा सोडवून टेबलावर ठेवून वाट बघत बसली होती. दोघे जोडीदार कधीच पळाले होते.

“काका, तुम्हीच बनवलाय ना हा? तुम्ही म्हणाल ते लिहिते. दुसऱ्या कुणाचं मी नाही ऐकणार.”

मिस्त्रींनी पट्टी घेतली. दांड्याच्या एका टोकाला लावली, दुसऱ्या टोकापर्यंत नेली. “असं मोजायचं, बाळ. टोकापासून टोकापर्यंत. तीनशे.”

“पण खिळा तर इथं टेकतो, काका. मग टोकाचा काय संबंध?”

इतका सरळ प्रश्न एकोणीस वर्षांत कुणी विचारला नव्हता. मिस्त्रींनी पट्टी खाली ठेवली.

“भोकाच्या बाहेरचा जो भाग असतो ना, तो पाळण्याच्या रचनेत आधीच धरलेला असतो. तसं बनवतानाच बघावं लागतं.”

“असं होय! पुस्तकात कुठंच नाही हे.”

“पुस्तकात सगळं नसतं.”

तिनं एक मोठा श्वास सोडला. मिस्त्री तिच्याकडे बघत होते. ती मनातून मानत नसेल, नाइलाजानं मान डोलवत असेल, असं त्यांना वाटत होतं. तसं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं. पण तिचा खरंच विश्वास बसला होता. चेहऱ्यावरचा चार दिवसांचा ताण एकदम गेला.

“बाई गं! म्हणजे मीच चुकीचं मोजत होते. आणि साहेबांना खोटं ठरवायला निघाले होते. बरं झालं तुम्हाला विचारलं, काका.”

पण मग पंखा काढल्यावर ऐंशी कसे आले, हे ती विचारेल म्हणून मिस्त्री जीव मुठीत धरून उभे होते. तिनं विचारलंच नाही. स्वतःच म्हणाली, “तेही माझंच काहीतरी चुकलं असणार.” आणि वहीतलं ते पान तिनं आडवी रेघ मारून रद्द केलं.

मग अहवालाचा कागद पुढं ओढून तिनं मोजमापाच्या तक्त्याखाली बारीक अक्षरात एक ओळ लिहिली आणि मिस्त्रींना वाचून दाखवली: “दांड्याची लांबी तीनशे मिलिमीटर, प्रयोगशाळेच्या मिस्त्रींनी स्वतः मोजून खात्री करून दिली.”

“माझं कशाला त्यात? खोड ते.”

“नाही, खोडणार नाही. सगळे तुमच्याकडून करून घेतात आणि कुणी तुमचा उल्लेख करत नाही. मला नाही पटत ते. इथं सही करा.”

तिनं पेन पुढं केलं. आजवर मिस्त्री चुकले होते, गप्प बसले होते. खोटं असं ते आजच्या आधी कधी बोलले नव्हते, लिहिलं तर नव्हतंच. पेन घेताना त्यांचा हात थरथरला. तिला वाटलं, म्हाताऱ्याला भरून आलं. तिनं कागद सरकू नये म्हणून दोन्ही हातांनी दाबून धरला, आणि मिस्त्रींनी सही केली.