देवाला न विचारता

आमच्या घरी बैल घ्यायचा झाला तरी आधी देवाला विचारलं जाई. विहीर कुठे खणायची, थोरल्या भावाला मुंबईला गिरणीत पाठवायचं की नाही, गोठा उत्तरेला वाढवायचा की दक्षिणेला, सगळं. बाबा अंघोळ करून ओल्या पंच्यानिशी गावच्या देवळात जात. गुरव देवाच्या पाषाणाला उजवीकडे आणि डावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवी, बाबांच्या वतीने गाऱ्हाणं घाली, आणि मग दोघे गप्प उभे राहून पाहत. उजवीकडची पाकळी आधी पडली तर देवाची संमती, डावीकडची पडली तर नकार. हा कौल. गावात सगळेच कौल घेत, पण बाबांचा हात धरणारा कोणी नव्हता. आई म्हणायची, "ह्येंका शिंक इली तरी देवळात जातले."

आई हसून म्हणायची, पण बाबांच्या समोर कधी नाही. कारण तिला ठाऊक होतं. बाबांचा धाकटा भाऊ तरणाताठा होता. एकदा छपराची कौलं भरलेलं गलबत मुंबईला निघालं आणि त्याला त्यावर खलाशी म्हणून बोलावणं आलं. नेमकं तेव्हा घरात सुतक होतं. सुतकात देवळाची पायरी चढता येत नाही. गलबत काही आमचं सुतक फिटायची वाट बघणार नव्हतं. बाबांनी स्वतःच्या जबाबदारीवर सांगितलं, जा. गलबत परत आलं नाही, काकाही आला नाही. त्यानंतर बाबांनी स्वतःच्या मनाने काही ठरवलं असेल तर ते मला आठवत नाही. भाजी कुठली करायची हेसुद्धा आईच ठरवी.

अशा घरात मी सातवीची फायनल पास होऊन दोन पावसाळे बसून होते. गोव्यात अजून पोर्तुगीज होते, त्या वेळची गोष्ट. आमच्या वाडीच्या पलीकडे क्रिस्तांवांची, म्हणजे ख्रिश्चनांची, वाडी होती आणि तिथली एक मुलगी माझ्या वर्गातली. तिची मावशी घाटावरच्या एका मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. मावशी सुट्टीला आली की आम्ही दोघी तिच्या भोवती भोवती असायचो. मैत्रीण तिला विचारी, माणूस मरताना काय करतात, कोणाचा ताप उतरतच नसेल तर काय करतात. मी तिच्या बुटांकडे बघत असे. पांढरे, पट्ट्याचे बूट. शेणाच्या सारवणावर ते कधी टेकले नसणार, असं माझ्या मनात येई.

मावशीने सांगितलं, शिमगा झाला की नव्या मुली घेणार आहेत, दोघी चला. मैत्रिणीच्या घरी तर आनंदच झाला. मी घरी येऊन सांगितलं की मला रुग्णांची सेवा करायची आहे. सेवा हा शब्द मी मुद्दाम निवडला होता. चुलीच्या धुराचा, आईच्या जुन्या लुगड्यांचा आणि 'चेडवाचा काय ठरला?' या, मुलीच्या लग्नाच्या, प्रश्नाचा मला वीट आला होता, असं सांगितलं असतं तर कोण ऐकणार होतं? सेवा म्हटलं की माणसं जरा विचार तरी करतात.

आई रडली. नर्स म्हणजे परक्या पुरुषांना हात लावणार, हे तिच्या पचनी पडणं शक्य नव्हतं. बाबा रडले नाहीत आणि रागावलेही नाहीत. ते म्हणाले, "उद्या सोमवार. विचारून बघतंय."

कौल डावा झाला.

मला वाटलं होतं आता संपलं. पण आईच्या अंगात बळ आलं. देवगडकडचं एक स्थळ तिने मनात धरून ठेवलं होतं. बिजवर होता, पण हापूसची कलमं होती आणि घरात सासू नव्हती. ती देवळाच्या पायरीवरूनच म्हणाली, आता ह्याचं विचारा. बाबांनी विचारलं, मुलगी त्या घरी द्यावी का? पुन्हा डावा. आई देवळाच्या पायरीवरच बसली. मग बाबांनी तिसरा कौल लावला, मुलगी आणखी एक वर्ष घरीच ठेवावी का? आणि त्या वेळी कुठलीच पाकळी पडली नाही. गुरवाने पुन्हा गाऱ्हाणं घातलं, उन्हं वर आली, नैवेद्याची वेळ होऊन गेली. पाकळ्या पाषाणाला चिकटून सुकत राहिल्या. शेवटी गुरव म्हणाला, "देव बोलणा नाय. आज जावा."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. गावात अशी बातमी घरोघरी जायला वेळ लागत नाही. देवगडचं स्थळ आपोआप मागे फिरलं. विहिरीवर बायका माझी कळशी आधी भरून द्यायला लागल्या, म्हणजे मी लवकर जावं म्हणून. आजवर कधी कोणाचा कौल असा अडला नव्हता म्हणे. पाठवू नको, देऊ नको, आणि ठेवू का तर उत्तरच नाही. मग या मुलीचं करायचं काय? हा प्रश्न सगळ्यांच्या तोंडी होता आणि माझ्याही. मी सतरा वर्षांची होते. देवाला माझ्याबद्दल काही सुचत नाही, हे मला फार लागलं होतं. मी मेले तर कोणाला बरं वाटेल याची मी मनात मोजदाद करत असे. मोजदाद आईपाशी येऊन अडे.

एका सकाळी आई-बाबा शेतावर गेलेले बघून मी एकटीच देवळात गेले. गुरवकाका समया घासत होते. मी बाहेरच्या मंडपात उभी राहिले.

"काय गो?"

"काका, माझ्यासाठी कौल लावशात?"

त्यांनी हात पुसले. त्यांना माझी दया आली असावी, कारण एरवी ते बायकामुलींना उभं करत नसत. म्हणाले, "बापाशीन विचारल्यान ता बापाशीचा झाला. तू तुझा विचार. सांग, काय विचारू?" आणि त्यांनी पाकळ्या पाण्यात भिजवायला टाकल्यासुद्धा.

मी पाण्यातल्या पाकळ्यांकडे बघितलं. डावा झाला तर मी कायमची अडकणार होते, हे तर होतंच. पण उजवा झाला तर? देव हो म्हणाला तर मला खरोखर सेवा करावी लागणार होती, जन्मभर, आणि माझ्या डोळ्यासमोर तर पांढरे बूट होते. माणूस मरताना काय करतात हे मला जाणून घ्यायचंच नव्हतं. मी देवाशी खोटं बोलायला आले होते आणि ते पाकळी लावण्याआधीच माझ्या लक्षात आलं.

"लावू नकात," मी म्हणाले.

काकांचा चेहरा बदलला. "देवाक विचारूक भियातंस? म्हणजे तुझ्या मनात काय तरी वायट आसा."

होतंच. मी पायरी उतरले आणि घरापर्यंत एकदाही मागे बघितलं नाही. भीती वाटत होती, आणि त्या भीतीतच मी ठरवून टाकलं. आमच्या घराण्यात ठरवणं असं कोणाला येतच नव्हतं, त्यामुळे ते कसं करतात हे मला ठाऊक नव्हतं. मी नुसतं ट्रंकेत कपडे भरले.

दुपारी बाबा पडवीत नारळ सोलत बसले होते. मी सांगितलं, "बाबा, मी शिमग्यानंतर जातंय. कौल लावलेलो नाय."

त्यांचे हात थांबले. "आणि काय झाला तर?"

"झाला तर माझा. तुमका कोण काय सांगाचो नाय."

"तुझ्या काकाक मी असोच जा म्हटलेलंय," ते म्हणाले. पुन्हा नारळ सोलायला लागले. जा म्हणाले नाहीत, राहा म्हणाले नाहीत. मला वाटलं ते मला मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं, निदान कोणीतरी काहीतरी केलं असं झालं असतं. पण ज्या दिवशी निघायचं त्या दिवशी ट्रंक त्यांनीच डोक्यावर घेतली आणि फाट्यापर्यंत माझ्या पुढे चालत राहिले. मैत्रीण तिथे घरच्यांबरोबर उभी होती, तिची आई तिला कवटाळून मुके घेत होती. बाबांनी ट्रंक एस.टी.च्या टपावर चढवली, दोरी ओढून बघितली आणि गाडी सुटायच्या आधीच परत फिरले. आंबोलीचा घाट चढताना मला इतक्या ओकाऱ्या झाल्या की मैत्रिणीने आपली ओढणीच माझ्या हातात दिली.

पुढचं लोकांना वेगळं ऐकायला आवडतं. आता मी निवृत्त आहे, आणि कुठे सत्कारबित्कार झाला की एखादी मुलगी हमखास विचारते, तुम्हाला तुमचं ध्येय कसं सापडलं? मी काहीतरी सांगते. खरं असं की पहिलं वर्ष मला त्या कामाची किळस आली. बूट मिळाले, पण ते रोज पांढरे ठेवायचे म्हणजे कोण कष्ट. पू, भांडी, ओरडणारी माणसं, आणि कानडी, मराठी, इंग्रजी यांची मिसळ, त्यात माझं मालवणी ऐकून बाकीच्या मुली हसायच्या. मेट्रनने एकदा सगळ्यांना विचारलं होतं, इथे का आलात? मी सेवेसाठी म्हणाले. ती म्हणाली, हे सगळ्याच म्हणतात, पुढची बोला.

माझी मैत्रीण, जिला लहानपणापासून हेच करायचं होतं, तिला वर्षाच्या आत रक्त बघून चक्कर यायला लागली. तिने खूप प्रयत्न केला. रडली, उपास केले, प्रार्थना केल्या. शेवटी घरी गेली, लग्न झालं, सुखात राहिली. तिला जाताना बघून मीही ट्रंक काढली होती. पण मी परत गेले असते तर देव खरा ठरला असता. विहिरीवर बायकांनी म्हटलं असतं, बघा, सांगितलं होतं. आणि बाबा काहीच म्हणाले नसते, ते तर मला सहनच झालं नसतं. म्हणून मी राहिले. हट्ट म्हणा. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीचा पाया सेवा नाही, हट्ट आहे, आणि हे मी कुठल्याही सत्कारात सांगितलेलं नाही.

किळस कधी गेली ते कळलं नाही. एकदा रजेवर घरी आले असताना वॉर्डातल्या एका म्हातारीच्या पायाच्या जखमेची आठवण झाली, आणि पुढ्यात सुरमई असून जेवण गोड लागेना. पण त्याला मी काही नाव दिलं नाही. रजेवर आले की बाबा माझ्याकडे फक्त बघत राहत. तब्येत कशी, एवढंच विचारत, आणि मी बरी म्हटलं की सुटका झाल्यासारखे उठून माडांत निघून जात. आई सांगे, पोस्टमन दिसला तरी ते असेच निघून जातात. मला वाटे, अजून रागावलेत.

मी पुरती नर्स होऊन काही वर्षं झाली होती, गोवाही तोवर आपल्यात आला होता, तेव्हा बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. मी रजा काढून आले. उजवी बाजू गेली होती, बोलणं जड झालं होतं, पण समजत होतं. आईने त्यांना आठवडाभर उताणंच ठेवलं होतं आणि पाठ लाल झाली होती. मी घडवंचीवर कोमट पाणी मांडलं, चादर कशी बदलायची ते आईला दाखवलं. परक्या पुरुषांना हात लावणारी मुलगी आता बापाला हात लावत होती आणि आई पाणी आणून देत होती.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी आई परसात गेली असताना बाबा म्हणाले, "तू गेलंस, त्या दिवशी मी फाट्यावरसून देवळात गेलंय."

मला वाटलं, भ्रमात बोलतायत. पण त्यांचे डोळे स्वच्छ होते.

"कौल लावलंय. चेडू गेला, ता बरा झाला काय?"

माझा हात त्यांच्या पाठीवर होता तिथेच राहिला. मी इतकी वर्षं देवाला भीक घातली नव्हती, असं मला वाटत होतं. पण त्या क्षणी मला त्याच्या उत्तराची भीती वाटली. कोणीतरी येऊन माझ्या हातातलं काम काढून घेणार, असं वाटलं. ती म्हातारी, तो वॉर्ड, ते सगळं.

"मगे?" मी विचारलं.

"डावो."

ते एवढंच बोलले आणि दमले. मग थांबून थांबून म्हणाले की आईला सांगितलं नाही, गुरवाला शपथ घातली, माझं पत्र आलं की ते उघडायला धीर होत नसे. पोस्टमन दिसला की बाबा माडांत का निघून जात, ते मला तेव्हा कळलं. ज्या माणसाने देवाला न विचारता बैल घेतला नाही, त्याने देवाने स्पष्ट नाही म्हटल्यावरही मला परत बोलावलं नव्हतं. एवढी वर्षं तो नकार एकट्याने घेऊन बसला होता, रोज वाईट बातमीची वाट बघत.

"आता सांगतंय, कारण..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. मग म्हणाले, "देव चुकणा नाय. म्हणान भियालंय."

मला रडू यायला हवं होतं. आला तो राग, बाबांचा नाही, गुरवाचा नाही. माझ्या कामाबद्दल जन्मात पहिल्यांदा मला कसलीही शंका उरली नव्हती.

"चुकलो," मी म्हणाले. "देव चुकलो, बाबा."

ते माझ्याकडे बघत राहिले. नाही म्हणाले नाहीत. मी त्यांना कुशीवर वळवलं आणि पाठ पुसायला घेतली.