गार पाण्याच्या घड्या

आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये तेजश्री वाळिंबेला सतरा वर्षं झाली होती. ती एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर, नवरा श्यामकांत ऑडिटच्या खात्यात, महिन्यातले वीस दिवस दौऱ्यावर. मुलगा एकच, तेरा वर्षांचा निहार. त्याच्या तोंडून मराठी दिवसेंदिवस कमी ऐकू यायला लागलं, तेव्हा तिने सेक्टरच्या कम्युनिटी हॉलमध्ये रविवारी सकाळी मराठीचा वर्ग सुरू केला. अकरा मुलं यायची. तिला 'काकू' म्हणायची आणि आपसात हिंदीत बोलायची.

त्या वर्षी दिवाळीच्या वीस दिवस आधीच कराडहून तिच्या आईचा फराळाचा डबा कुरिअरने आला. आईला एकोणऐंशी पूर्ण झालेली, हृदय कमजोर, गेल्या वर्षापासून विसरायलाही लागली होती. तरी गॅससमोर खुर्ची टाकून चिवडा तिनेच परतला, असं वहिनीने फोनवर सांगितलं. निहारने डब्यात डोकावून पाहिलं.

"हे कोण खातं यार? चॉकलेट्स नाही पाठवली आजीने?"

आणि तो फोन बघत आत निघून गेला. तेजश्री ओरडली नाही. पण ते वाक्य तिच्या मनातून जाईना. फक्त तिचाच मुलगा असा होता असं नव्हे. दिवाळीत प्रत्येक घरी भेटींच्या बॉक्सचा ढीग लागायचा, आणि मुलं ते फोडून 'फिर से ड्रायफ्रूट' म्हणत बाजूला सारायची.

पुढच्या रविवारी तिने फळ्यावर एकच शब्द लिहिला: कृतज्ञता.

"म्हणजे काय, कोण सांगेल?"

"थँक्सगिव्हिंग?" राघव म्हणाला.

"थँक यू तर आपण दिवसात पन्नास वेळा म्हणतो. हे तसं नाही. कुणीतरी आपल्यासाठी काहीतरी केलेलं असतं आणि ते आपल्या लक्षात राहतं, ती कृतज्ञता." मग तिने काम दिलं. प्रत्येकाने एका माणसाला पत्र लिहायचं. स्वतःच्या हाताने, मराठीत. त्या माणसाने आपल्यासाठी केलेली एक गोष्ट लिहायची. "खरी घडलेली," ती दोनदा म्हणाली.

आठवड्याने पत्रं आली, बरीचशी पाकिटात बंद करूनच. नऊ वर्षांच्या सुखदाने चार ओळी लिहिल्या होत्या. 'आजोबा तुमी माझी सायकल पकडून पळाले. तुमाला दम लागला. मी पडली नाही. थँक्यू.' तेजश्रीने लाल पेनाने सगळ्या चुका दुरुस्त केल्या आणि पत्र पुन्हा लिहून आणायला सांगितलं. निहारचं पत्र मात्र दोन पानी होतं, त्याच्या गिचमिड अक्षरात, आणि भाषा अशी की तिने ते दोनदा वाचलं. 'आजी, मी तापाने फणफणलो होतो तेव्हा तू उशाशी बसून माझ्या कपाळावर गार पाण्याच्या घड्या ठेवत होतीस. तुझ्या हाताचा तो स्पर्श मी जन्मभर विसरणार नाही. तुझं ऋण फेडण्याइतका मी मोठा कधीच होणार नाही.'

निहारच्या कुठल्याही तापात आई दिल्लीत नव्हती. निहारच्या जन्माआधीपासून वडील अर्धांगाने अकरा वर्षं अंथरुणावर होते, त्यांना सोडून तिला कधी येताच आलं नाही; ते गेल्यावर तिच्या हृदयाने प्रवास बंद केला. तेजश्रीला हे पक्कं ठाऊक होतं.

"आजीने कधी ठेवल्या रे घड्या?" तिने विचारलं.

"मला आठवलं तसं लिहिलं," निहार म्हणाला.

लहानपणी ऐकलेल्या गोष्टींची सरमिसळ झाली असेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली. 'ऋण' हा शब्द त्याला कुठून आला, हेही तिने विचारलं नाही. शेवटी भाषा रक्तात असतेच, असं काहीसं तिच्या मनात आलं. तिने ते पत्र वर्गात मोठ्याने वाचून दाखवलं. सुखदा पहिल्या रांगेत मान खाली घालून बसली होती. पुढच्या रविवारी ती आली नाही, आणि नंतरही कधी आली नाही.

आलेली पाकिटं निहारच्या पत्रासकट पोस्टात गेली. वसुबारसेच्या दिवशी कराडहून भावाचा, गुणवंतचा फोन आला. "तेजू, आईने पत्र चार वेळा वाचून घेतलं. जेवायलासुद्धा उठत नाही. घे, तीच बोलतेय."

"तू ऑफिसात गेली होतीस ना गं," आई म्हणाली, "मीच होते त्याच्यापाशी. ताप उतरेना. घडी ठेवली की लगेच गरम व्हायची. मला सगळं आठवतंय."

"हो आई."

"मला वाटायचं, तुझ्या पोराचं मी काहीच केलं नाही. त्याच्या लक्षात आहे बघ."

तेजश्री पुन्हा 'हो' म्हणाली.

भाऊबीजेच्या दुपारी वर्गातल्या पालकांच्या ग्रुपवर पत्रांचे फोटो येऊ लागले. नातेवाइकांनी कौतुकाने परत पाठवलेले. कादंबरी नावाच्या मुलीचं पत्र नागपूरच्या मावशीला होतं: ताप, उशाशी बसणं, गार पाण्याच्या घड्या. राघवचं आत्याला: ताप, घड्या. तेजश्रीने स्वयंपाकघरात उभ्या उभ्या एकेक फोटो मोठा करून पाहिला. अकरापैकी पाच मुलांना ताप आला होता. पाचही जण तो स्पर्श जन्मभर विसरणार नव्हते.

तिने निहारला समोर बसवलं. तो घाबरला नाही. फोनवरच्या एआयला सांगितलं की तो लिहून देतो, हे त्याने सरळ सांगितलं. राघवने सगळ्यांना दाखवलं होतं.

"मी खरं घडलेलं लिहायला सांगितलं होतं."

"पण मम्मा, तुला चांगलं मराठी पण हवं होतं. सुखदाचं खरं होतं ना? तिला तू परत लिहायला लावलंस."

तिने फोन टेबलावर पालथा ठेवला. मग तो हळू आवाजात म्हणाला, "आणि मला काही आठवतच नव्हतं. आजीला मी किती वेळा भेटलोय? पाच? सहा? दोन दिवस जायचं, पाया पडायचं, परत यायचं. काय लिहू मी?"

तिने त्याच्यापुढे कोरा कागद ठेवला. "जे असेल ते लिही."

तासाभराने त्याने कागद आणून दिला. 'आजी, तू पाठवलेला चिवडा मी खाल्ला नाही. आता खाल्ला. सॉरी.' एवढंच.

"हे पाठवलं तर ती विचारेल, असं का लिहिलं म्हणून," तेजश्री म्हणाली. पहिल्या पत्रावर आई जगत होती. त्याला धक्का लावायची तिची हिंमत झाली नाही. "राहू दे. नंतर बघू." निहारने खांदे उडवले. कागद कुठल्याशा वहीत गेला.

त्याच आठवड्यात ती सुखदाच्या घरी गेली. सुखदा आतून बाहेरच आली नाही. तिची आई चहा टाकत म्हणाली, "अहो, तुम्ही कशाला वाईट वाटून घेता? तिलाच गोडी नाही. ते पत्रही फाडून टाकलंन तिने. आता आम्ही फ्रेंच लावलंय." तेजश्रीने चहा घेतला आणि तिथून निघाली. आजोबांना ते पत्र कधीच मिळालं नव्हतं.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आई गेली. सकाळी चहा पिऊन आडवी झाली ती उठलीच नाही. दिल्लीत धुकं होतं, पुण्याचं विमान सात तास उशिरा सुटलं, आणि तेजश्री निहारला घेऊन कराडला पोचली तेव्हा सगळं आटोपलेलं होतं.

तेराव्याला जेवणं झाल्यावर गुणवंतने सगळ्यांना बसवलं. "आईने दिवाळीपासून उशीखाली एक गोष्ट ठेवली होती," असं म्हणून त्याने घडी घालून मऊ पडलेले ते दोन कागद उलगडले आणि वाचायला लागला. घड्यांपाशी त्याला रडू आवरेना, उरलेलं वहिनीने वाचलं. बायका पदर डोळ्यांना लावून बसल्या होत्या. तेजश्री भिंतीला टेकून, निहार तिच्या शेजारी.

तो तिच्याकडे झुकला. "मम्मा, हे कुणाचं आहे? छान आहे."

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो खरंच विचारत होता. अक्षर न् अक्षर त्यानेच उतरवलं होतं, पण वाचलं कधी नव्हतं.

"तुझंच आहे," ती म्हणाली.

"अच्छा," तो म्हणाला. मग माणसं त्याच्याभोवती जमली. थोरल्या काकूंनी त्याला जवळ घेऊन डोक्यावरून हात फिरवला. असा नातू मिळायला पुण्य लागतं, असं कुणी म्हणालं, शहरात वाढूनही कसे संस्कार आहेत, असंही. निहार प्रत्येकाला नम्रपणे 'थँक यू' म्हणत होता. तेजश्रीने एकदा तोंड उघडलं. समोर गुणवंत डोळे पुसत होता. ती उठून त्याच्यासाठी पाणी घेऊन आली.

दिल्लीला परतल्यावर तिने पालकांना कळवलं की ऑफिसचं काम वाढल्यामुळे वर्ग बंद करते आहे. कुणी कारण विचारलं नाही. दोघांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. शनिवारी तिने हॉलची किल्ली सेक्टरच्या रहिवासी संघाच्या सेक्रेटरींकडे परत केली.

"म्हणजे उद्यापासून रविवारी क्लास नाही?" निहारने विचारलं. "मग मी क्रिकेटला जाऊ?"

"जा," ती म्हणाली.