आउटडोअर बॉल बाहेरच ठेवतात ना?

आमच्या प्राजक्ताचं ठरत आलेलं लग्न मी एका सकाळीत जवळजवळ मोडलं होतं, तेही प्लॅस्टिकच्या बॉलपायी. हसू नका. चहा घ्या, आधी ऐका, मग काय हसायचं ते हसा.

मुलगा पुण्याचा, सुमेध. पोरांनी एकमेकांना पसंत केलेलं, फक्त घरच्यांची भेट बाकी. सुमेधचे वडील गायकवाड साहेब रिटायर झाल्यापासून पिकलबॉलच्या, म्हणजे पॅडल नावाच्या फळीनं भोकाभोकांचा प्लॅस्टिकचा बॉल जाळीवरून मारायच्या खेळाच्या, नादी लागलेले. फोनवर म्हणाले, "पोह्यांचा कार्यक्रम नको. लोणावळ्याला येतोच आहोत, तर सकाळी एक गेम टाकू. माणूस खेळताना कळतो."

माणूस खेळताना कळतो! हे ऐकल्यापासून मला एका जागी बसवेना. मी आयुष्यात कॅरमच्या पुढे गेलेलो नाही.

इथं लोणावळ्याजवळच कुसगावात मित्राचा बंगला आहे, तिथं सिमेंटचं कोर्ट आणि पॅडल होती. बॉल तेवढे आणायचे. प्राजक्ता ऑफिसात खेळते. ती म्हणाली, "बाबा, बॉल दोन प्रकारचे असतात. हॉलमधले इनडोअर, ते मऊ, मोठ्या भोकांचे. उघड्यावरचे आउटडोअर, ते कडक, बारीक भोकांचे, वाऱ्यात फारसे भरकटत नाहीत. आपल्याला आउटडोअर हवेत."

मी दोन्ही आणले. आणि घरी येऊन, अगदी विचार करून, इनडोअर कपाटात ठेवले आणि आउटडोअर गच्चीवर.

आता तुम्हीच सांगा, आउटडोअर म्हणजे बाहेरचेच ना? म्हटलं, हवेची सवय होईल त्यांना. डिसेंबरातली लोणावळ्याची गच्ची ती. उजाडायच्या आत मी दोनदा वर जाऊन बघून आलो.

"बॉलला ताप आलाय का?" बायकोनं विचारलं.

गायकवाड मंडळी सकाळी बंगल्यावर आली. जय भीम झाला, चहा झाला, आम्ही कोर्टवर उतरलो. साहेबांनी पहिली सर्व्हिस केली. टक् आवाज आला आणि बॉल चिरला. दुसरा घेतला, तोही चिरला. तिसऱ्याची तर दोन शकलं झाली. त्यातलं एक माझ्याकडे आलं आणि मी घाबरून ते परत मारलं.

साहेबांनी शकल उचलून हाताला लावून पाहिलं. "गारठलेत हो. कुठं ठेवले होते?"

"बाहेर."

"का?"

"आउटडोअर आहेत म्हणून."

प्राजक्तानं डोळे मिटून घेतले. साहेब शांतपणे म्हणाले, "थंडीत हे तडकतात. जरा उबेला ठेवायचे."

ऊब म्हटल्यावर मी थांबतोय कुठला? उरलेले आउटडोअर बॉल घेऊन पळत स्वयंपाकघरात गेलो. गॅसवर पातेल्यात पाणी उकळत होतं, त्यात सगळे सोडले. बंगला सांभाळणाऱ्या मावशी बघत होत्या.

"दादा, अंडी हायेत व्हय?"

"बॉल आहेत, मावशी."

"मंग किती येळ उकडायचं?"

ते मला कुठं माहीत? "होऊ द्या चांगले," मी म्हणालो.

बाहेर काढले तर एकही गोल नाही. कुणी लांबट, कुणी एका गालानं बसलेला. तरी त्यातला बरा निवडून मी सर्व्हिस केली. बॉल टप्पा घेऊन आडवा पळाला आणि कडेला बसलेल्या गायकवाड वहिनींच्या कपात पडला. त्यांनी कप खाली ठेवला आणि खुर्ची मागं सरकवली.

शेवटी सोबत आणलेले इनडोअर काढले. तोवर दरीकडून वारा सुटलेला. साहेबांनी मारलेला बॉल वर गेला, हवेत थबकला आणि कुंपणावरून शेजारच्या वावरात. दुसरा त्याच्या मागोमाग. आणण्यासाठी दर वेळी मीच धावत होतो, कारण कोर्टवर तोंड दाखवण्यापेक्षा वावर बरं वाटत होतं. शेवटच्या खेपेला पँटभर कुसळं घेऊन परतलो तर मंडळी निघायच्या तयारीत होती. "कळवतो," एवढंच साहेब म्हणाले.

घरी आल्यावर दिवसभर मी दर दहा मिनिटांनी फोनला रेंज आहे का ते बघत होतो. संध्याकाळी एकदाचा फोन आला. बायकोनं घेतला आणि स्पीकरवर टाकला.

"वहिनी, एकच विचारायचं होतं," साहेब म्हणाले. "प्राजक्ता स्वभावानं कुणावर गेलीय? तुमच्यावर की त्यांच्यावर?"

"माझ्यावर," बायको म्हणाली.

"नक्की ना?"

"अगदी नक्की."

"मग आमचा होकार समजा."