भिंतींआधी छप्पर

ओल्या सिमेंटचा वास आला की मी आजही इस्रायलमधल्या अश्दोदच्या आमच्या बिनभिंतींच्या घरात पोचते.

सत्तरच्या आसपासची गोष्ट. आम्ही कोकणातले ज्यू, नुकतेच तिथे राहायला आलो होतो. बाबांनी खांब उभारून आधी छप्पर घातलं. "आमच्या कोकणात असंच. पावसाआधी छप्पर, भिंती मागाहून!" शेजारचा मोरोक्कन याकोव भिंती आधी बांधत होता. सुक्कोतच्या सणाला आम्ही ज्यू अंगणात मांडव घालतो, त्यावरून तो हसला, "सुक्कोत संपला, तुमचा मांडव अजून उभाच?" आईलाही धास्ती वाटायची.

एका दुपारी समुद्रावरून पाऊस आला. याकोव सिमेंटची गोणी पाठीवर घेऊन आमच्याकडे धावला. बाबा दाराच्या जागी ऐटीत उभे राहिले.

"आधी बूट बाहेर काढ!"

चारही बाजू उघड्या होत्या. तरी याकोवने गोणी खाली ठेवून न झालेल्या उंबरठ्यावर बूट काढले. आम्ही पोट धरून हसलो.

भिंती हिवाळ्यात, हनुक्काच्या दिव्यांच्या सणाला झाल्या. घर मात्र त्याच दुपारी झालं होतं.